तिवईवरची रायफल: पॉनीच्या माळावरच्या प्रकल्प नोंदी

14 एप्रिल 2024

पॉनी नॅशनल ग्रासलँड हा कोलोरॅडोच्या ईशान्येचा, समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवरचा माळ. फोर्ट कॉलिन्सहून हायवे 14 धरायचा, ब्रिग्सडेल ओलांडायचं, की पुढे गवत, कुंपणं आणि वारा. गवत घोट्याएवढंच, ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास. पण त्यात जागोजागी फड्या निवडुंग. आपल्याकडे बांधाबांधावर दिसणारा फड्या मुळात अमेरिका खंडातूनच आलेला. इथली जात बुटकी, जमिनीला धरून पसरणारी, पाय पडेपर्यंत दिसत नाही. पालथं पडून नेम धरायचा म्हटलं की कोपरं आणि गुडघे काट्यांनी भरतात. उन्हाळ्यात रॅटलस्नेक असतात ते वेगळंच.

काट्यांपेक्षा मोठी अडचण जमिनीच्या घडणीची. लांबून माळ सपाट वाटतो, प्रत्यक्षात तो सगळा हलक्या चढउतारांचा आहे. पालथं पडलं की समोरचा गुडघाभर उंचवटासुद्धा पलीकडचं सगळं झाकतो. त्यामुळे रायफलीच्या पुढे लावलेला छोटा बायपॉड, म्हणजे दोन पायांचा टेकू, इथे क्वचितच कामाला येतो. नेम बसून, गुडघ्यावर किंवा उभ्याने धरावा लागतो आणि तिथे तिवई, म्हणजे ट्रायपॉड, लागते.

एप्रिलच्या सुरुवातीला प्राँगहॉर्नच्या टॅगसाठी, म्हणजे एका जनावराच्या शिकारीच्या परवान्यासाठी, अर्ज केला. प्राँगहॉर्न दिसतो हरणासारखा, पण हरीण नव्हे. त्याच्या कुळातला आज जिवंत उरलेला तो एकटाच. पळण्यात पश्चिम गोलार्धात त्याला तोड नाही आणि नजर तर अशी की मैलभर अंतरावरची हालचाल तो टिपतो. सोडत लागली तर ऑक्टोबरमध्ये शिकार. तोपर्यंत हा प्रकल्प: फोटोग्राफीची जुनी तिवई रायफलीसाठी तयार करायची, आणि तिच्यावरून 300 यार्डांपर्यंत खात्रीने नेम धरता येतो का ते तपासायचं.

खात्रीने म्हणजे किती, तेही आजच लिहून ठेवतो. प्राँगहॉर्नच्या छातीतली मर्माची जागा, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं, साधारण 20 सेंटीमीटर व्यासाची. 300 यार्ड म्हणजे 274 मीटर. त्या अंतरावर 20 सेंटीमीटर म्हणजे पाऊण मिलपेक्षा थोडं कमी. (1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंटीमीटर.) मी कोल्हापुरात शूटिंग शिकलो, तिथे 50 मीटर प्रोनच्या, म्हणजे पालथं पडून मारायच्या, टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, म्हणजे जेमतेम 0.2 मिल. आकड्यांवरून वाटेल की प्राँगहॉर्न सोपा. पण रेंजवर मॅट असते, जाड जॅकेट असतं, हाताला रायफल बांधून धरणारी स्लिंग असते, हृदयाचे ठोके खाली यायला वेळ असतो. माळावर यातलं काहीच नसतं, आणि समोर कागद नसून जीव असतो. चुकीच्या जागी लागलेली गोळी म्हणजे त्या जनावराचे तासन्‌तास हाल. ते होऊ द्यायचं नाही, एवढ्याचसाठी हा सगळा खटाटोप.

28 एप्रिल

तिवई खोलली. जुन्या बाजारातून घेतलेली, कार्बन फायबरची, तीन टप्प्यांची. वरच्या टप्प्याच्या नळीचा व्यास 32 मिलिमीटर.

सगळ्यात आधी मधला खांब काढून टाकला. फोटोग्राफरला तो उंची चटकन कमीजास्त करायला बरा पडतो. रायफलीखाली मात्र त्याचा अर्थ असा की तीन पायांच्या भक्कम बैठकीवर आपण पुन्हा एक एकटी काठी उभी करतो आणि सगळा भार तिच्या शेंड्यावर देतो. खांबाच्या जागी 10 मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची चकती बसवली, मध्ये 3/8 इंची चुडीचा (आट्यांचा) बोल्ट. फोटोग्राफीच्या मोठ्या हेडांना, म्हणजे तिवईच्या डोक्यावरच्या वळत्या बैठकींना, हीच चुडी असते, त्यामुळे वर काय बसवायचं हे नंतर ठरवता येईल.

पायांच्या पिळाच्या लॉकमध्ये वाळू होती. सगळे लॉक धुतले, पुसले, चुडीला अगदी थोडं ग्रीस दिलं. माळावरची धूळ पुन्हा जाणारच आहे, तेव्हा हे काम दर महिन्याचं.

12 मे

रायफल तिवईवर पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचं काम सुरू. रायफलीच्या पुढच्या लाकडाखाली मी आर्का पट्टी लावली आहे: साधारण 38 मिलिमीटर रुंद, दोन्ही कडा 45 अंशांत आत कापलेल्या, म्हणजे डव्हटेल. ही पद्धत फोटोग्राफरांची, रायफलवाल्यांनी ती उचलली. तिचा मोठा फायदा असा की पट्टी लांब असली तर क्लॅम्प हवा तिथे सरकवता येतो, आणि तोलाचा बिंदू सापडला की रायफल वर ठेवून हात सैल केला तरी ती पुढे किंवा मागे कलंडत नाही.

विकतचे क्लॅम्प भरपूर मिळतात. पण खटक्याचे, म्हणजे लिव्हरने बंद होणारे, एका मापाला बसवलेले असतात. व्हर्नियर लावून पाहिलं: माझी पट्टी 37.9 भरली, मित्राची 38.2. आर्का हे कुणी कायद्याने बांधून दिलेलं माप नाही, प्रत्येक कंपनीची पट्टी केसभर इकडेतिकडे. खटका एकीवर घट्ट बसतो आणि दुसरीवर लागतच नाही, किंवा लागतो पण डुलतो. म्हणून स्क्रूने आवळायचा क्लॅम्प स्वतःच करायला घेतला. माल 6061-टी6 ॲल्युमिनियम.

रात्री कोल्हापूरला फोन केला. बाबांनी उद्यमनगरात उभी हयात लेथ आणि मिलिंगवर काढली. कागदावरचं चित्र कॅमेऱ्यात दाखवलं: एक जबडा बॉडीतच कापलेला, दुसरा सुटा, मधून एक एम6 स्क्रू.

"मधल्या एका स्क्रूवर हा सुटा जबडा सरळ कसा राहणार?" ते म्हणाले. "आवळलास की वरनं मिटणार आणि खालनं उघडणार. पट्टीला नुसती धार लागंल, अंग लागायचं नाही."

"मग काय करू, बाबा?"

"अरे, लेथच्या स्लाइडला गिब कशाला असते? ढिलाई काढायलाच की. तसंच हितं कर. जबड्याच्या बुडाशी दोन ग्रब स्क्रू दे. पट्टी बारीक असली तर ते बाहेर काढायचे, जाड असली तर आत. जबडा समांतर राहिला की झालं."

ग्रब स्क्रू म्हणजे बिनडोक्याचे, पूर्ण आत जाणारे स्क्रू. चित्र बदललं. लेथच्या क्रॉस स्लाइडमधली डव्हटेलची खाच आणि रायफलीखालची ही पट्टी यांच्यात कोनाचा फरक सोडला तर काम एकच आहे: दोन भाग सरकले पाहिजेत, आणि सरकून झाल्यावर एकजीव झाले पाहिजेत.

19 मे

मेकरस्पेसच्या, म्हणजे सामायिक कार्यशाळेच्या, मिलिंग मशीनवर क्लॅम्प पूर्ण. 45 अंशांच्या डव्हटेल कटरने शेवटचा कट अगदी हलका घेतला, नाहीतर ॲल्युमिनियम कटरला चिकटतं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. कटची बर (उरलेली धारदार कोर) काढली, कडा कानशीने मारल्या. जबड्याच्या आतल्या बाजूला निळी शाई लावून पट्टी आवळली आणि सोडली. शाई धारेवर नव्हे, पूर्ण रुंदीवर उमटली. फोटो काढून बाबांना पाठवला. उत्तर आलं, "आता बरोबर."

खालच्या 3/8 चुडीला निळं लॉकटाइट, म्हणजे चुडी सैल होऊ न देणारा गोंद, लावलं आहे. गोळीबाराचे धक्के बसले की सगळ्यात आधी सैल होतो तो हाच जोड.

2 जून

सोडत लागली. टॅग मिळाला.

घरात ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे रिकाम्या रायफलीने सराव, सुरू. नियम नेहमीचेच: बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. भिंतीवर छोटा काळा ठिपका, आणि त्यावर स्कोपमधली जाळी, म्हणजे नेमाच्या रेषा, किती हलते ते पाहायचं. माझ्या स्कोपच्या जाळीवर 0.2 मिलच्या खुणा आहेत, त्यामुळे हलणं डोळ्यांनीच मोजता येतं.

उभ्याने, कशाचाही आधार न घेता जाळी दीड ते दोन मिलच्या पट्ट्यात फिरते. तिवईवर क्लॅम्प करून उभं राहिलं की वरखाली फिरणं जवळपास थांबतं, आडवं अर्धा मिल उरतं. हे अर्धा मिल कुठून येतं, यावर पुढचे काही आठवडे घालवायचे आहेत. तिवई हलत नाही, हे आधी तपासलं: रायफल क्लॅम्पमध्ये ठेवून हात काढून घेतला की जाळी स्थिर होते. म्हणजे हलतो तो दस्ता, रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, आणि दस्ता हलतो कारण तो माझ्या खांद्यावर आहे आणि मी श्वास घेतो आहे. पुढचं टोक बांधलेलं आणि मागचं टोक मोकळं, अशी ही अवस्था. लोक तिवईवर पैसे ओततात, जाड पाय घेतात, महागडं हेड घेतात. ते वाईट नाही, पण पुढचं टोक एका मर्यादेपलीकडे आणखी घट्ट करून मागच्या टोकाचं डुलणं कमी होत नाही.

नेमाची नैसर्गिक दिशा, म्हणजे अंग सैल सोडल्यावर रायफल आपोआप रोखली जाते ती, तिवईवरही तितकीच लागू. डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. जाळी ठिपक्यापासून डावीकडे सरकली असेल तर हाताने ढकलून आणायची नाही, पाय आणि कंबर हलवून आणायची. प्रोन शिकवताना आमचे सर हेच सांगायचे. तिवईमुळे ढकलणं फार सोपं होतं, कारण रायफलीचं वजन जाणवतच नाही, आणि म्हणूनच तो मोह इथे जास्त आवरावा लागतो. ढकलून आणलेली रायफल चाप सुटताना आपल्या मूळ दिशेला परत जाते.

23 जून

पहिला गोळीबार, बेकर ड्रॉ या नेमून दिलेल्या शूटिंगच्या जागेवर. अंतर 100 यार्ड, कागदी टार्गेट. रायफल 6.5 क्रीडमूर, बोल्ट ॲक्शन, स्कोपसकट चार किलोंच्या थोडी वर. हे काडतूस हॉर्नडी कंपनीने 2007 मध्ये लांब पल्ल्याच्या टार्गेट शूटिंगसाठी आणलं. धक्का बेताचा म्हणून शिकारीतही रुळलं.

आज मुख्य प्रश्न पायांच्या दिशेचा. उभ्याने दोन्ही प्रकार केले. एक पाय निशाणाकडे आणि दोन माझ्याकडे ठेवले की पुढे झुकून रायफलीवर भार देता येतो, तो सरळ पुढच्या पायावर जातो. धक्का मागे येतो तेव्हा मागचे दोन पाय तो वाटून घेतात. उलटं केलं, म्हणजे दोन पुढे आणि एक माझ्या पायांमध्ये, की झटक्याबरोबर तिवई त्या एका पायावर किंचित मागे उठते आणि स्कोपमधून टार्गेट निसटतं. आपली गोळी कुठे लागली ते स्वतःला दिसणं फार महत्त्वाचं आहे, कारण माळावर शेजारी दुर्बीण लावून बसलेला माणूस असेलच असं नाही. तेव्हा उभ्याने एक पाय पुढे, हे पक्कं.

दुसरं निरीक्षण धक्क्याचं. माझ्या रायफलीत गोळी नळीच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत रायफल जेमतेम दीड मिलिमीटर मागे सरकलेली असते, हे वजनांच्या गुणोत्तरावरून काढता येतं. एवढंसंच, पण ते गोळी आत असताना घडतं. त्यामुळे दस्ता खांद्यात कसा बसलाय याचा परिणाम कागदावर दिसतो. खांदा नुसता टेकवला तर फटके वर आणि पसरून. पुढे झुकून सारखा दाब ठेवला तर ग्रुप, म्हणजे फटक्यांचा पुंजका, खाली येतो आणि आवळतो. त्याच झीरोवर, म्हणजे स्कोप जुळवलेल्या बिंदूवर, राहायचं असेल तर दाब दर वेळी तोच हवा.

आणि नळीला काही लागू द्यायचं नाही. आधार नेहमी पुढच्या लाकडाला, नळीला कधीच नाही. स्लिंगचा पट्टा क्लॅम्पमध्ये अडकून नळीवर ताणला जात होता, तो काढून ठेवला.

पॉनी ब्यूट्सच्या सुळक्यांकडची पाहण्याची जागा 30 जूनपर्यंत बंद असते, तिथे शिकारी पक्षी घरटी करतात. परतताना लांबूनच पाहिलं. तारेवर लार्क बंटिंग, या राज्याचा पक्षी, काळा अंगरखा आणि पंखांवर पांढरे पट्टे.

14 जुलै

मागच्या टोकाचा बंदोबस्त.

स्पर्धांमध्ये काही जण दुसरी तिवई मागे लावतात. ती भक्कम, पण दिवसभर पायपीट करताना दोन तिवया पाठीवर कोण घेणार. छाती आणि दस्ता यांच्यामध्ये मण्यांनी भरलेली उशी धरून पाहिली. उभ्याने ती बरी, पण श्वासाबरोबर हलतेच. शेवटी हातातल्या चालायच्या काठीवर आलो. माळावर ती तशीही सोबत असते. काठीच्या वरच्या टोकाला चामड्याची रुंद वादी बांधली. दस्त्याचं खालचं टोक वादीत बसतं आणि डावी मूठ काठी आणि दस्ता दोन्ही एकत्र धरते. मूठ आवळली की दस्ता थोडा वर, सैल सोडली की खाली. बारीक नेम असा मुठीत येतो.

आता जमिनीला लागलेले बिंदू झाले चार, तीन तिवईचे आणि एक काठीचा. जाळीचं आडवं फिरणं अर्ध्या मिलवरून 0.2 च्या एका खुणेत आलं. घरात, ठिपक्यावर, नाडी शांत असताना. माळावर ते दुप्पट होईल असं धरून चाललो तरी पाऊण मिलच्या आत आहे.

4 ऑगस्ट

आज फक्त उंची.

ओळखीच्या एका रँचवर 300 यार्डांवर पोलादी पाटी लावायची परवानगी मिळाली. पाटी 20 सेंटीमीटरची, एआर500 पोलादाची, खाली कललेली म्हणजे तुकडे जमिनीकडे जातात. गवत वाळलेलं आहे, म्हणून पाण्याचा पंप आणि फावडं गाडीत.

उभ्याने, गुडघ्यावर आणि बसून, तिन्ही प्रकारे. फरक एवढा स्पष्ट असेल असं वाटलं नव्हतं. बसून पाटी चुकतच नाही. गुडघ्यावर अधूनमधून कडेला. उभ्याने वारा पडलेला असेल तरच विश्वास ठेवावा असं.

कारण सरळ आहे. नळी एका टोकाला धरली आणि दुसऱ्या टोकाला तेवढाच भार दिला तर तिचं वाकणं लांबीच्या घनाने वाढतं. पाय निम्मे लांब ठेवले की तेच वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. शिवाय खालचे बारीक टप्पे बाहेरच काढावे लागत नाहीत, वरचा 32 मिलिमीटरचाच टप्पा काम करतो. आणि माझं स्वतःचं शरीर: उभा असताना घोट्यापासून मानेपर्यंत सगळे सांधे तोल सावरत असतात, बसलो की बूड जमिनीवर आणि दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आत.

बसताना मात्र पायांची दिशा उलटी करावी लागते. माझ्याकडचे दोन पाय मांड्यांना आडवे येतात. म्हणून बसताना एक पाय माझ्या मांड्यांमध्ये आणि दोन पुढे. धक्क्याने तिवई उठण्याचा दोष खाली बसल्यावर जवळजवळ दिसत नाही, कारण धक्का फार कमी उंचीवर लागतो.

याच ग्रेट प्लेन्सवर 1870 च्या दशकात गव्यासारख्या अमेरिकन बायसनचे धंदेवाईक शिकारी दोन काठ्या फुलीसारख्या बांधून त्यावर शार्प्सच्या जड रायफली टेकवायचे, आणि तेही बसूनच. दक्षिणेचा कळप त्या दशकाअखेर संपला, उत्तरेचा 1883 च्या सुमारास. स्थिर आधार, लांब पल्ला आणि ताबा नसलेली हाव एकत्र आली की काय होतं ते या मातीने पाहिलं आहे. आज टॅग, सोडत, ठरलेला हंगाम आणि मोजून दिलेली जनावरं ही सगळी व्यवस्था आहे ती त्या विध्वंसानंतरची, आणि मला ती मनापासून पटते.

25 ऑगस्ट

वारा. दुपारनंतर ताशी 15 मैल, झुळका त्याहून जास्त.

उभ्या उंचीवर तिवईचे पाय थरथरतात, ते स्कोपमध्ये बारीक कंपासारखं दिसतं. तिवईच्या मध्यावर सॅक लटकवली तर वजनाने पाय रोवले जातात, पण सॅकच लंबकासारखी झुलायला लागली की होतं त्याहून वाईट. सॅक एवढी खाली सोडायची की तिचं बूड जमिनीला टेकलेलं राहील आणि पट्टा ताणलेला राहील. मग वजनही मिळतं आणि झुलणंही नाही.

गोळीचं म्हणाल तर या उंचीवरच्या विरळ हवेत 300 यार्डांवर माझी गोळी 100 यार्डांच्या झीरोपासून सुमारे 1.2 मिल खाली असते. ते स्कोपवरचा आकडा फिरवून भरून काढता येतं, तो आकडा रोज तोच असतो. ताशी 10 मैलांचा आडवा वारा मात्र गोळी साडेचार-पाच इंच बाजूला नेतो, आणि मर्माची जागा मध्यापासून चार इंचांतच संपते. म्हणजे वाऱ्याचा अंदाज पूर्ण हुकला तर जगातली सर्वात भक्कम तिवई असूनही गोळी भलतीकडे. यावरून आजच मर्यादा ठरवली: वारा अंगावर जाणवण्याइतका आडवा असेल तर 200 यार्डांच्या पुढे बोट चापाकडे जाणार नाही. वारा पडलेला किंवा सरळ समोरून असेल तरच 300.

आणखी एक सक्तीची गोष्ट. क्लॅम्प केलेली रायफल तिवईवर ठेवून दुर्बीण आणायला, पाणी प्यायला, कशालाही बाजूला जायचं नाही. वरचं टोक जड आहे. एक झुळूक पुरते. एक हात कायम रायफलीवर, नाहीतर रायफल खाली.

15 सप्टेंबर

हेडचा प्रश्न मिटवला. गोळ्यावर वळणारं बॉल हेड आणि सपाटीकरणाचा तळ, दोन्ही महिनाभर आलटूनपालटून वापरले. बॉल हेड कुठल्याही कोनात वळतं, डोंगरात तेच हवं. पण रायफलीचं वजन गोळ्याच्या वर असतं, ढिलं सोडलं की ती कुशीवर पडते. पूर्ण आवळलं तर हलत्या जनावरामागे नेम नेता येत नाही. मधली आवळ ठेवावी लागते आणि ती थंडीत बदलते. सपाटीकरणाचा तळ थोडाच कलतो, पण बुटका आहे, हलका आहे, आणि त्याच्या वरची बैठक आडवी गोल फिरते. पॉनीच्या माळावर तेवढं कलणं भरपूर. तळ कायम केला. बुडबुडा पाहून सपाट केला की रायफलही तिरकी राहत नाही. पाच अंश तिरकी धरली तरी 300 यार्डांवर 0.1 मिल आडवा फरक पडतो, तो फुकटचा.

आता सराव वेगाचा. एनआरएल हंटर नावाच्या स्पर्धा 2021 पासून होतात, त्यांची पद्धत मला सरावासाठी फार आवडते: चार मिनिटं, निशाण कुठे आहे ते सांगितलेलं नाही, शोधा, अंतर मोजा, आधार मांडा, मारा. तसंच रिकाम्या रायफलीने करतो आहे. चालता चालता थांबायचं, सॅक उतरवायची, तिवई काढायची, खालचे टप्पे आतच ठेवायचे, पाय फाकवून बसायचं, रायफल क्लॅम्पमध्ये, काठी दस्त्याखाली. क्लॅम्पची जागा पट्टीवर पांढऱ्या रंगाने आखून ठेवली, ती आता अंगठ्याला चाचपूनच कळते.

6 ऑक्टोबर

हंगाम चालू आहे. नारिंगी बंडी आणि टोपी अंगावर. इथे रायफलच्या हंगामात 500 चौरस इंच झळकता नारिंगी किंवा गुलाबी रंग सक्तीचा, शिवाय डोक्यावरही. प्राँगहॉर्नला त्या रंगाचं काही वाटत नाही, हालचाल मात्र दिसते.

सकाळी साडेसातला उंचवट्याआडून पहिला कळप. लेझरने 340. उजवीकडून वारा, गवत एका बाजूला झोपलेलं. तिवई मांडली, जाळी खांद्यामागे शांत उभी राहिली, स्थिरता तर उत्तमच होती. पण अंतर आणि वारा दोन्ही मर्यादेबाहेर. त्यांना जाताना पाहिलं. माझ्याबरोबर आलेले शेजारी, इथेच वाढलेले सत्तरीचे गृहस्थ, काही बोलले नाहीत, फक्त मान हलवून पुढची टेकडी दाखवली.

ती टेकडी ओलांडायला दोन तास लागले, बराचसा वेळ ओणव्याने आणि ओढ्याच्या कोरड्या घळीतून. घळीच्या काठावर डोकं वर काढलं तेव्हा माझ्या टॅगप्रमाणे चालणारी एक मादी कळपापासून सुटी, आडवी, चरत. 210 यार्ड. घळीत वारा जवळजवळ नव्हता आणि वरही तो समोरूनच येत होता. मागे मोकळी माती, कुंपण नाही, गुरं नाहीत. पालथं पडलो असतो तर काठावरच्या निवडुंगापलीकडे काही दिसलंच नसतं. बसलो. तिवईचे खालचे टप्पे आतच ठेवले. पट्टीवरच्या पांढऱ्या रेघेवर क्लॅम्प. काठीची वादी दस्त्याखाली. डोळे मिटले, उघडले. जाळी पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर होती, आणली नव्हती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली. अर्धा श्वास सोडून चाप.

स्कोपमधून सगळं दिसलं. ती काही पावलं पळाली आणि खाली बसली, मग आडवी झाली. आम्ही पोचलो तेव्हा हालचाल नव्हती. गोळी दोन्ही फुप्फुसांतून गेली होती.

शेजाऱ्यांनी टोपी काढली. मी तिच्या मानेवर हात ठेवून थोडा वेळ बसलो. मग टॅग भरला आणि सोलायला घेतलं, कारण प्राँगहॉर्नचं मांस लवकर थंड केलं नाही तर त्याला उग्र वास येतो. बर्फाच्या दोन पिशव्या गाडीत होत्या. दुपारपर्यंत सगळं शीतपेटीत.

20 ऑक्टोबर

तिवई पूर्ण खोलून धुतली. पायांच्या लॉकमध्ये पुन्हा वाळू, अपेक्षेइतकीच. क्लॅम्पच्या जबड्यावर पट्टीची चकचकीत खूण, पूर्ण रुंदीवर. 3/8 ची चुडी तसूभरही सैल झालेली नाही. ग्रब स्क्रूंपैकी डावा पाव फेरा फिरलेला दिसला. त्यांना चेकनट, म्हणजे स्क्रू फिरू न देणारे वरचे नट, हवेत. बाबांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला, "ग्रबला चेकनट दिलेस का?"

रबरी पायांची टोकं निवडुंगाच्या काट्यांनी भोसकली गेली आहेत, पण टिकली. घट्ट जमिनीवर रबर ठीक, ओढ्यातल्या भुसभुशीत वाळूत ते रुतत जातं. पुढच्या वर्षासाठी रुंद चकतीचे पाय करायचे आहेत, खालून तीन छोटे दाते असलेले. माल आणून ठेवला आहे.

काठीवरची वादी ओली झाल्यावर ताणली गेली. चामड्याऐवजी नायलॉनचा विणलेला पट्टा लावून पाहणार.

वजन: तिवई, तळ आणि क्लॅम्प मिळून सव्वादोन किलो. क्लॅम्पच्या बॉडीतून दोन खिसे कोरले तर चाळीसेक ग्रॅम वाचतील, पण जबड्यामागची भिंत पातळ होईल. ती तशीच राहू देतो.

मित्राच्या 38.2 च्या पट्टीवर क्लॅम्प बसवून पाहिला. ग्रब एक फेरा आत, स्क्रू आवळला, शाई पूर्ण उमटली. त्याला असाच एक हवा आहे. त्याचं एल्कचं (मोठ्या हरणाचं) शिकारक्षेत्र डोंगरातलं असल्याने त्याच्यासाठी तो बॉल हेडवर बसेल असा करायचा.